डोंगरीच्या खाडीतून कल्याणच्या गोदीकडे

साल 1659. चैत्र संपत आलाय. तुम्ही डोंगरीच्या चढावर उत्तरेकडे तोंड करून उभे आहात. भाईंदरचा रेल्वेपूल नाही, इमारती नाहीत. खाली खारफुटी, मिठागरं आणि त्यांच्या पलीकडे वसईची खाडी. ती समुद्राला मिळते तिथे पाणी दोन रंगांचं दिसतं, आतून येणारं गढूळ आणि बाहेरचं हिरवट. समोरच्या काठावर वसईच्या कोटाचे बुरूज आणि चर्चचे मनोरे उन्हात तळपतायत. तुमच्या पाठीमागे गावात बेथलेहेम माउलीचं देऊळ आहे. नारळाच्या झापांनी शाकारलेल्या घरांतून मराठीच ऐकू येते, फक्त मध्येच एखादं पोर्तुगीज नाव कानावर पडतं.

हे धारावी बेट. डोंगरी, उत्तन, चौक, पाली ही सगळी गावं याच बेटावरची. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तेव्हापासून सव्वाशे वर्षं इथे त्यांचं राज्य चालू आहे. खाडीच्या उत्तर ओठावर वसईचा कोट आणि दक्षिण ओठावर हे बेट. मधून जाणारी प्रत्येक होडी दोन्हीकडून दिसते.

यंदा इथला पहारा समुद्रापेक्षा खाडीच्या आतल्या बाजूला जास्त लक्ष ठेवून आहे. त्याचं कारण पूर्वेला, उल्हास नदीच्या वरच्या अंगाला आहे. ऑक्टोबर 1657 मध्ये शहाजीराजांच्या मुलाने कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथे लढाऊ गलबतं बांधायला काढली. अजून चार महिन्यांनी, 16 ऑगस्ट 1659 ला, गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला पत्र जाईल. भिवंडी, कल्याण आणि पनवेलला शिवाजीने लढाऊ नौका बांधल्या आहेत, त्या समुद्रात उतरू देऊ नका असा हुकूम आपण कप्तानाला दिला आहे, असा त्यातला मजकूर असेल. कल्याणचं गलबत समुद्रात जाणार म्हणजे या खाडीने खाली उतरणार. तुम्ही उभे आहात तो चढ म्हणजे मराठी आरमाराच्या जन्मवाटेवरचं दार आहे. शाळेच्या पुस्तकात आपण आरमार शिकलो ते सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गापासून. हे दार आपल्याला कुणी दाखवलं नाही, याची मला फार खंत वाटते.

चला, वर कल्याणला जाऊन ती गलबतं बघू.

उतरून काठाला या. एक तांडेल मचव्याला टेकून आभाळ बघतोय. अवसेच्या आसपासचे दिवस आहेत, पाण्याला उधाण आहे. भांगाच्या दिवसांत हाच प्रवास रडतखडत होतो. "बस दादूस, भरती लागली," एवढंच तो बोलतो. वल्ही फक्त होडी सरळ ठेवण्यापुरती लागतात, बाकी ओझं भरती वाहते. डावीकडे पाणजूचं बेट मागे पडतं. घोडबंदरला खाडी अरुंद होते आणि दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येतो. नागला, गायमुख, कोलशेत. ओहोटी लागली की तांडेल होडी चिखलाला लावतो, भाकर आणि सुका बोंबील काढतो आणि झोपतो. घड्याळ पाण्याचं आहे. ठाण्याला पोर्तुगीजांच्या चौक्या आहेत, तिथे सुक्या मासळीची पाटी दाखवून सुटका होते. मुंब्र्याच्या डोंगराखालून नदी वळते आणि दुसऱ्या भरतीच्या जोरावर तुम्ही कल्याणला पोहोचता.

गोदी दिसण्याआधी तिचा वास येतो. ओला साग, तापलेली राळ आणि मुशीच्या काळजाचं तेल. हा वास कपड्यांत बसला की धुऊनही जात नाही.

ज्याला गोदी म्हणायचं ती भिंतींनी बांधलेली नाही. काठाला उताराची जमीन आहे, तिच्यावर आडवे ओंडके टाकलेत आणि त्यांच्यावर गलबतं निरनिराळ्या अवस्थांत उभी आहेत. वरच्या टेकाडावर दुर्गाडीची तटबंदी आकार घेतेय. एका बाजूला करवतीवाले कामाला लागलेत. लाकडी घोड्यावर चढवलेल्या सागाच्या ओंडक्यावर एकजण, ओंडक्याखाली दुसरा, आणि मधून करवत खाली-वर होतेय. खालच्याच्या डोळ्यांवर फडकं आहे, भुसा थेट तोंडावर पडतो म्हणून.

साग शहापूर-मुरबाडच्या रानातून आलाय. पश्चिम किनाऱ्याची सारी जहाजं या झाडावर उभी आहेत. सागात मुरलेलं तेल पाणी आत शिरू देत नाही आणि लोखंडी खिळ्याला गंज चढू देत नाही. ओक वृक्षाचं लाकूड नेमकं उलटं वागतं, त्यातल्या आम्लाने खिळा खाल्ला जातो. हे बोलणं पोकळ नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 मध्ये सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर आहे.

आता एका गलबताजवळ थांबा. त्याचं पठाण, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, ओंडक्यांवर बसवून झालंय. पुढे नाळ उभी केलीय, मागचा खांबही. युरोपातल्या गोद्यांत यानंतर बरगड्यांचा सांगाडा उभा करतात आणि त्यावर फळ्या मारतात. इथे आधी फळ्या. पठाणाला पहिली फळी, तिला दुसरी, अशी कवचाची वाटी वर चढत जाते आणि बरगड्या नंतर आतून बसवल्या जातात. कागद नाही, नकाशा नाही. मुख्य सुतार पन्नाशीचा आहे. तो एक सुतळी नाळेपासून मागच्या खांबापर्यंत ताणतो, एक डोळा मिटून बघतो आणि म्हणतो, "दोन बोटं उतरवा." माणसं उतरवतात. गलबताचा सगळा आकार त्या एका डोळ्यात आहे.

एक फळी कशी बसते, तेवढं नीट बघा. हे बघितल्याशिवाय गोदीतून निघू नका.

फळी आधी वाकवावी लागते. तिला ओली माती लिंपतात, खालून मंद जाळ देतात आणि दोन्ही टोकांना दोर बांधून पिळत नेतात. घाई केली की फळी फाटते आणि दोन दिवसांचं काम चुलीत जातं. वाकलेली फळी खालच्या फळीवर टेकवायची. मध्ये पाणी शिरेल अशी फट राहता कामा नये. त्यासाठी पोऱ्या खालच्या फळीच्या काठाला काव, म्हणजे तांबडी माती, फासतो. वरची फळी टेकवून दाबतात आणि पुन्हा उचलतात. जिथे काठ उंच आहे तिथे तांबडा डाग उमटतो. सुतार पटाशीने तेवढाच डाग तासतो. पुन्हा काव, पुन्हा दाब, पुन्हा डाग. सुरुवातीला डाग तीन-चार ठिकाणीच असतात. जसजसं तासत जावं तसतशी त्यांची संख्या वाढते. अखेरीस काव काठभर सारखी उमटते, तेव्हा सुतार पटाशी खाली ठेवतो. मग त्या सांध्यात राळेत भिजवलेला कापसाचा पातळ थर जातो. काही सांध्यांत एका फळीला खाच आणि दुसरीला जीभ असते, ती एकमेकींत रुतली की वेगळ्या करणं अवघड.

खिळ्यासाठी भोक आधी सामत्याने पाडतात. दोरीचा सामता ओढणारा मुलगा दहा-अकरा वर्षांचा आहे आणि सामता सरळ ठेवायचं त्याचं कसब पक्कं आहे. खिळ्याच्या डोक्याखाली कापसाचा पिळा गुंडाळतात, खिळा ठोकतात आणि आतल्या बाजूला निघालेलं टोक वाकवून परत लाकडात बसवतात. डोकं लाकडात खोल जातं आणि वरून राळ-चुन्याने बुजवतात.

बरगड्यांचं गणित वेगळं. वाकडी बरगडी सरळ लाकडातून कापली तर धागे तुटतात आणि पहिल्या मोठ्या लाटेत ती मोडते. म्हणून वाकडंच झाड शोधायचं. सुतार रानात जातात ते हव्या त्या बाकाची काठी हातात घेऊन. बाभळीच्या, सागाच्या फांद्यांना ती लावून बघतात आणि जुळेल तीच फांदी उतरवतात. झाड उभं असतानाच त्यांना त्यात गलबताची बरगडी दिसलेली असते.

शेवटी तळाला चुना आणि तेल-चरबीचा जाड लेप. या खाडीतला खरा शत्रू तोफ नव्हे. खाऱ्या पाण्यात एक मऊ, लांबट किडा असतो, तो लाकडात शिरला की बाहेरून काही कळत नाही आणि आतून फळी पोकळ होत जाते. त्यासाठी दर मोसमाला गलबत कोरडं करून तळ खरवडायचा आणि लेप नवा द्यायचा. हे काम कुणी बखरीत लिहीत नाही, पण आरमार टिकतं ते यावर.

गोदीत एक माणूस तुम्हाला वेगळा दिसेल. टोपी, बंद गळ्याचा अंगरखा, सुतारांशी तुटक मराठीत बोलणारा. रुई लैतांव व्हिएगस. पोर्तुगीज आहे, राजांनी त्याला गलबतांच्या कामावर नेमलंय आणि त्याच्याबरोबरच्या माणसांचा आकडा कागदपत्रांत 340 असा येतो. ही गलबतं जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहेत, असं राजांकडून सांगितलं जातं. वसईच्या कप्तानाला त्यावर विश्वास नाही. उद्या हीच गलबतं आपल्यावर उलटतील हे त्याला कळतं. तो व्हिएगसला निरोप पाठवून फितवतो आणि व्हिएगस आपल्या माणसांसह काम सोडून निघून जातो.

या प्रसंगावरून कुणी म्हणतं, मराठ्यांचं आरमार पोर्तुगिजांच्या हाताने घडलं. कुणी व्हिएगसचं नावच गाळतं. मला दोन्ही पटत नाही. तोफेचा मारा सोसेल अशी मोठी नौका कशी रचायची, हे व्हिएगसकडून घेण्यासारखं होतं आणि ते घेतलं गेलं. शहाण्या राजाने दुसरं काय करावं? पण फळीला काव लावणारा पोऱ्या, सुतळी ताणणारा सुतार, वाकडी फांदी हेरणारा डोळा, हे व्हिएगसबरोबर वसईला गेले नाहीत. ते याच खाडीचे होते. शेजारच्या आगाशीला पोर्तुगीज यायच्या आधीपासून लाकडाचा व्यापार आणि जहाजबांधणी चालत होती. म्हणून व्हिएगस गेला तरी आरमार थांबलं नाही. फेब्रुवारी 1665 मध्ये महाराज मालवणहून बसरूरवर निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर 85 लहान गलबतं आणि 3 मोठी जहाजं होती. पुढे आंग्र्यांच्या काळातल्या गलबतांचं वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने केलंय. सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, वारा पडला तरी ताशी चार मैल जाणारी. युरोपियन जहाज वाऱ्याविना अडकलं की ही गलबतं त्याला मागून गाठत. उथळ खाडीत मुरलेल्या माणसांनी बांधलेली नौका अशीच असणार.

आता आणखी चारशे वर्षं मागे चला. 1265 च्या आसपास.

डोंगरी तीच, खाडी तीच, पण वसईचा कोट गेला, चर्च गेली. उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य आहे आणि सोमेश्वर हा त्यांचा शेवटचा राजा. देवगिरीचा महादेव यादव हत्तींची फौज घेऊन घाट उतरलाय. जमिनीवर हरलेला सोमेश्वर नौकांवर चढतो, पाठोपाठ यादवांच्याही नौका निघतात. या समुद्रात कुठेतरी तो बुडतो. महादेवाच्या रागाला तोंड देण्यापेक्षा त्याने समुद्रातला वडवानल पत्करला, अशा अर्थाचं यादवांच्या मंत्र्याचं, हेमाद्रीचं, वर्णन आहे.

काठाला लागलेल्या एका नौकेवर हात ठेवा. लोखंडाचा खिळा सापडणार नाही. फळीच्या काठाला ओळीने भोकं आहेत आणि त्यांतून काथ्याची दोरी ओवून फळ्या एकमेकींना शिवल्यात. शिवणीखाली काथ्याची गादी, वरून राळ आणि तेल. हाताने दाबलं तर सांधा किंचित हलतो. हे कच्चं काम नाही. खिळ्याची ताठ नौका वाळूच्या दांड्यावर आपटली तर फुटते, शिवलेली दबते आणि सावरते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझच्या शिवलेल्या नौकांना नावं ठेवली, पण ठाण्याचं बंदरही त्याने नोंदवलं आणि इथल्या चाचेगिरीचीही तक्रार केली. अशाच नौकांवर अरबस्तानातून घोडे या किनाऱ्याला येत होते. नावं ठेवण्याइतक्या त्या कमकुवत असत्या, तर त्यांच्यावर घोडा कुणी चढवला असता?

या लढाईची छायाचित्रं नाहीत, पण दगड आहेत. डोंगरीहून दक्षिणेला, बोरिवलीच्या एकसर गावात वीरगळ उभे आहेत. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरमध्ये अशा सहा दगडांचं वर्णन आहे, त्यांतले बरेचसे माणसाहून उंच. उंच वळलेल्या नाळेच्या नौका, मध्ये डोलकाठी, एका रांगेत बाहेर आलेली वल्ही आणि वल्हेकऱ्यांच्या डोक्यावर उभे लढवय्ये. वरच्या पट्ट्यांत मेलेले वीर शिवलोकी जाताना दिसतात. अनेक अभ्यासक ही सोमेश्वर-महादेवाची लढाई मानतात, काही ते दगड आणखी जुने धरतात. काळ कोणताही असो, मध्ययुगातलं आरमारी युद्ध इतक्या बारकाईने कोरलेलं मराठी मुलखात दुसरीकडे क्वचितच दिसेल. कोरणाऱ्याने नौका जवळून बघितली होती. वल्ह्याचा कोन खोटा नाही.

परत या. वाटेत 1739 ला क्षणभर थांबा. चिमाजी अप्पांच्या फौजेने याच धारावी बेटाचा ताबा घेतला आणि मग मे महिन्यात वसई पडली. ज्या दाराने 1659 मध्ये मराठी गलबतं अडवायची होती, तेच दार ऐंशी वर्षांनी पोर्तुगिजांवर बंद झालं.

आणि आता आज. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत उत्तनच्या किनाऱ्यावर जा. बोटी वर ओढलेल्या असतात. बोंबील सुकवायच्या वलांडी रिकाम्या असतात आणि माणसं दुरुस्तीला लागलेली असतात. लाकडी बोटी अजून आहेत. एखादा मिस्त्री फटीत सूत भरताना दिसेल, त्याच्या हाताची चाल तुम्ही कल्याणला बघितलीय. शेजारी फायबरच्या बोटी वाढतायत आणि त्यासाठी मच्छीमारांना दोष देता येत नाही. सागाचा भाव, दर मोसमाचा देखभालीचा खर्च, मिस्त्रींची कमतरता, हे सगळं त्यांनाच भरावं लागतं. नव्या पिढीने सुताराची वाकस हातात का घ्यावी, याचं उत्तर फक्त अभिमानाने देता येणार नाही. त्याला रोजगार लागतो.

लाकडाबद्दल आपले पूर्वज आपल्यापेक्षा जागरूक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग तोडतानाही परवानगी घ्यावी असं सांगितलंय. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं, पण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली, त्यांना हात लावू नये, अगदीच जीर्ण झालेलं झाड धन्याला राजी करून, मोल देऊनच घ्यावं, असा त्यांचा दंडक होता. डोंगरीच्याच डोंगरावर मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडण्याचा वाद 2025 मध्ये उभा राहिला, तेव्हा मला हे पान पुन्हा पुन्हा आठवलं.

लाकडासारखीच विद्याही जपावी लागते. नौदलाने 21 मे 2025 ला कारवारला 'कौंडिण्य' ही शिवलेली नौका ताफ्यात घेतली. अजिंठ्याच्या चित्रावरून तिचा आकार ठरवला, गोव्यात ती बांधली, पण फळ्या शिवायला कारागीर केरळातून आणावे लागले. तिथे ती विद्या हातात उरली होती म्हणून नौका झाली. आपल्या किनाऱ्यावर खिळ्याच्या बांधणीची विद्या अजून हातात आहे. उत्तन, वसई, आगाशी, अर्नाळा, वेसावे इथल्या मिस्त्रींकडे ती आहे, आणि त्यांतले बरेचजण साठी ओलांडलेले आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मीरा-भाईंदर आणि वसईतल्या महाविद्यालयांनी दर पावसाळ्यात एका लाकडी बोटीची मापं घ्यावीत, मिस्त्रीला त्याच्या वेळेचे पैसे देऊन त्याचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित करावं आणि त्याच्या तोंडचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावेत. आणि तुम्ही बोरिवलीला राहत असाल किंवा तिथून जात असाल, तर एकसरला उतरा आणि ते वीरगळ बघून या. तिकीट लागत नाही.